वाचक विचारतात : क्यू<टी> नेमका कुठे अडतो?

या वेळी सगळे प्रश्न क्यूचेच घेतले आहेत. क्यू म्हणजे आधी घातलेली वस्तू आधी बाहेर देणारी रांग; घालणं ते एन्क्यू, काढणं ते डीक्यू, न काढता पुढची वस्तू नुसती पाहणं ते पीक. क्यू<टी> मधला टी म्हणजे रांगेत कोणत्या टाइपच्या वस्तू जाणार ते. बहुतेक सी शार्पमधले आहेत, एक जावाचा. वाचायला सोपं जावं म्हणून कोड नागरीत छापला आहे; टाइप करताना अर्थातच रोमन.

प्रश्न : बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या जर्नलमध्ये दवाखान्याच्या टोकनचा प्रोग्रॅम सिस्टीम.कलेक्शन्समधल्या साध्या क्यूवर लिहिलाय आणि तो व्यवस्थित चालतो. मग क्यू<इंट> कशाला? मार्क तर सारखेच मिळतात. (वाचक, सांगली)

चालतो, कारण अजून त्यात कुणी भलतं काही घातलेलं नाही. साधा क्यू येईल ते 'ऑब्जेक्ट' म्हणून पोटात घेतो. एका ओळीत 17 घाला, दुसरीत चुकून अवतरणचिन्हांतलं "17" घाला, कंपायलर हूं की चूं करणार नाही. गडबड कळते ती बाहेर काढताना. `इंट टोकन = (इंट) रांग.डीक्यू();` या ओळीवर इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन येतं. एररचं बोट काढणाऱ्या ओळीकडे असतं आणि चूक मात्र घालणाऱ्या ओळीत, कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये, झालेली असते. शोधत बसा. `क्यू<इंट>` म्हटलंत की अवतरणातलं 17 घालणारी ओळच कंपाइल होत नाही, आणि काढताना कास्टही (कंसातला टाइप) लिहावा लागत नाही.

दुसरा मुद्दा मेमरीचा. इंट हा व्हॅल्यू टाइप आहे. त्याला ऑब्जेक्ट म्हणून ठेवायचं तर हीपवर (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत) त्याच्यासाठी वेगळा खोका तयार होतो, हेच बॉक्सिंग. 64 बिटच्या मशीनवर 4 बाइटच्या आकड्याचा खोका 24 बाइटचा होतो, वर त्या खोक्याचा पत्ता ठेवायला क्यूच्या अ‍ॅरेत 8 बाइट. एकूण 32. क्यू<इंट>मध्ये तोच आकडा अ‍ॅरेत थेट 4 बाइटांत बसतो. एक लाख टोकनांना 32 लाख बाइट की 4 लाख, एवढा हा फरक. शिवाय ते एक लाख खोके नंतर गार्बेज कलेक्टरला (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्याला) उचलावे लागतात ते वेगळंच.

साधा क्यू 2002 साली, सी शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या 1.0 बरोबर आला, तेव्हा डॉटनेटमध्ये जेनेरिक्स (<इंट> असा टाइप सांगायची सोय) नव्हतेच. ते 2005 मध्ये 2.0 बरोबर आले. जुना क्लास आता केवळ जुना कोड मोडू नये म्हणून ठेवलेला आहे. नव्या कामात तो घेऊ नका, असं मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. जर्नल बदलायला वेळ लागेल. तोवर तोंडी परीक्षेत हा फरक सांगा, परीक्षक खूश होतील.

प्रश्न : लायब्ररीतला क्यू न वापरता स्वतःचा जेनेरिक क्यू लिहायची असाइनमेंट आहे. आत 5 घरांचा अ‍ॅरे घेतला, शेवटी घालायला 'टेल', पुढून काढायला 'हेड'. पाच वस्तू घातल्या, तीन काढल्या, तरी सहावी घालताना "रांग भरली" असाच मेसेज येतो. घरं रिकामी आहेत ना? शिवाय अ‍ॅरे मोठा करायचा प्रयत्न केला तर वस्तूच गायब होतात. (वाचक, पुणे)

घरं रिकामी आहेत, पण ती पुढच्या बाजूला, आणि तुमचा टेल एकाच दिशेने चालतोय. तो 5 वर पोचला की पुढे जागा नाही. यावर काही मुलं प्रत्येक डीक्यूनंतर सगळ्या वस्तू एकेक घर डावीकडे सरकवतात. उत्तर बरोबर येतं, पण दहा हजार वस्तू असतील तर एक काढायला 9,999 सरकवायच्या. त्या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅरे गोल आहे असं धरा. टेल पुढे नेताना `टेल = (टेल + 1) % अ‍ॅरे.लेंग्थ`, हेडलाही तेच (% म्हणजे भागाकारातली बाकी). आता कागदावर एकदा चालवून बघा. क, ख, ग, घ, च ही पाच अक्षरं घर 0 ते 4 मध्ये गेली. टेल फिरून 0 वर आला. क, ख, ग काढले. हेड 3 वर. छ घातलं ते घर 0 मध्ये, ज घर 1 मध्ये, झ घर 2 मध्ये. अ‍ॅरे डावीकडून वाचला तर छ, ज, झ, घ, च असा दिसतो, पण रांग हेडपासून वाचायची : घ, च, छ, ज, झ. क्रम अगदी बरोबर.

आता बघा, टेल 3 वर आहे आणि हेडही 3 वर. रांग पूर्ण रिकामी असतानाही हे दोघे एकाच घरावर असतात. म्हणजे नुसत्या हेड-टेलवरून भरलेली आणि रिकामी यांत फरक करता येत नाही. एक घर कायम मोकळं ठेवायची युक्ती पुस्तकांत असते. आमच्या मते त्यापेक्षा 'साइझ' नावाचा तिसरा आकडा ठेवणं सरळ. घातलं की एक वाढवा, काढलं की एक कमी करा. साइझ शून्य म्हणजे रिकामी, साइझ अ‍ॅरेच्या लांबीइतका म्हणजे भरलेली. लायब्ररीतल्या क्यूतही हेच केलेलं आहे.

गायब होणाऱ्या वस्तू. तुम्ही कोड पाठवलेला नाही, पण बहुधा `अ‍ॅरे.रिसाइझ` वापरून मोकळे झाला असाल. वरचाच अ‍ॅरे 5 वरून 10 घरांचा केला तर तो असा होतो : छ, ज, झ, घ, च आणि पुढे पाच रिकामी घरं. हेड आणि टेल दोन्ही अजून 3 वरच. आता ट घाला. तो घर 3 मध्ये जातो, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या घ च्या डोक्यावर. मग सहा वेळा डीक्यू करा : ट, च आणि त्यानंतर चार वेळा नल, म्हणजे काहीच नाही. घ पुसला गेला. छ, ज, झ अ‍ॅरेत पडून आहेत, पण त्यांची पाळी येण्याआधीच साइझ शून्य झाला.

बरोबर रीत अशी. दुप्पट लांबीचा नवा अ‍ॅरे घ्या. आधी हेडपासून जुन्या अ‍ॅरेच्या शेवटापर्यंतचा तुकडा (घर 3 आणि 4) नव्याच्या घर 0 पासून उतरवा. मग जुन्या घर 0 पासून टेलच्या अलीकडपर्यंतचा तुकडा (0, 1, 2) त्याला लागून. शेवटी हेड 0 करा आणि टेल साइझइतका, इथे 5. ही शेवटची ओळ विसरली की पुन्हा तोच घोळ.

दुप्पटच का, पाच-पाच का नाही? लायब्ररीतला क्यू<टी> पहिल्या एन्क्यूला 4 घरं घेतो, मग 8, 16 असा वाढतो. 1,000 वस्तू घालेपर्यंत 1,024 घरांवर पोचतो आणि वाटेत मिळून 1,020 वेळा वस्तू उचलून नव्या अ‍ॅरेत ठेवल्या जातात, म्हणजे वस्तूमागे साधारण एक. पाच-पाचने वाढवलंत तर हाच आकडा एक लाखाच्या जवळ जातो. वस्तू किती येणार हे आधीच ठाऊक असेल तर `न्यू क्यू<टोकन>(1000)` असं सांगून टाका, सगळी उचलाठेव वाचते. मात्र एकदा फुगलेला अ‍ॅरे रांग रिकामी झाली तरी आपोआप आटत नाही. त्यासाठी `ट्रिमएक्सेस` आहे, आणि तोही 90 टक्क्यांपेक्षा कमी घरं वापरात असतील तरच काम करतो.

एक ओळ बहुतेक असाइनमेंटमध्ये राहून जाते. वस्तू काढून झाली की ते घर पुसायचं : `अ‍ॅरे[हेड] = डिफॉल्ट;`. नुसता हेड पुढे नेला तर क्यूचं काम चालतं, पण अ‍ॅरेत जुना रेफरन्स (वस्तूचा पत्ता) तसाच राहतो, आणि जोवर रेफरन्स आहे तोवर गार्बेज कलेक्टर त्या वस्तूला हात लावत नाही. टी म्हणजे इंट असेल तर फरक पडत नाही. टी म्हणजे दहा एमबीचा फोटो असेल तर पडतो. इथे 'नल' लिहू नका. टी इंटही असू शकतो आणि इंटला नल चालत नाही, म्हणून कंपायलर अडवतो.

प्रश्न : रांगेत 10 नावं आहेत. `फॉर (इंट आय = 0; आय < रांग.काउंट; आय++)` या लूपमध्ये डीक्यू करून छापतो. पाचच नावं येतात. एरर काहीच नाही. (वाचक, नांदेड)

आय एकेक वाढतोय आणि काउंट एकेक घटतोय, त्यामुळे दोघांची मध्येच गाठ पडते. पाच डीक्यू झाल्यावर आय 5 आणि काउंटही 5. "5 < 5" खोटं, लूप बंद. 11 नावांवर 6 येतील. रांग रिकामी करायची असेल तर `व्हाइल (रांग.काउंट > 0)`. ठरावीकच काढायची असतील तर लूपच्या आधी `इंट किती = रांग.काउंट;` असं टिपून ठेवा आणि लूप त्यावर चालवा. ट्रीची पातळीवार छपाई करताना ही दुसरी पद्धतच लागते, कारण तिथे काढताकाढता पुढच्या पातळीचे नोड त्याच रांगेत येत असतात.

फॉरईच वापरून आतून डीक्यू करण्याचा पर्याय सुचेल. फॉरईच नुसतं बघतं, काढत नाही. मध्ये रांग बदलली की पुढच्या फेरीला इनव्हॅलिड ऑपरेशन एक्सेप्शन येतं.

प्रश्न : फाइलमधून 40 पेशंटची नावं वाचून क्यू<पेशंट>मध्ये घालते. बाहेर काढताना शेवटच्या पेशंटचंच नाव 40 वेळा! (वाचक, मडगाव)

`पेशंट पे = न्यू पेशंट();` ही ओळ लूपच्या बाहेर आहे. ती आत घ्या. क्यूत वस्तू जात नाही, वस्तूचा रेफरन्स जातो. तुम्ही एकाच पेशंटचे 40 रेफरन्स रांगेत लावलेत आणि प्रत्येक फेरीत त्याचंच नाव बदललंत.

पेशंट हा क्लास न ठेवता स्ट्रक्ट केला तर हा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. तिथे रांगेत प्रत जाते, आणि पीक करून हातात येते तीही प्रतच. `व्हार पे = रांग.पीक(); पे.वय = 61;` असं केलंत तर रांगेतल्या पेशंटचं वय आहे तेच राहतं, कुठलीही एरर न येता. एवढ्यासाठी स्ट्रक्टकडे जाऊ नका.

प्रश्न : जावात `न्यू क्यू<इंटिजर>()` लिहिलं तर एरर येतो. शेवटी लिंक्डलिस्ट वापरली. आता दोन रांगांतले टोकन नंबर `==` ने ताडून पाहतो; 127 पर्यंत बरोबर, 128 पासून सगळे "वेगळे". हा काय प्रकार? (वाचक, नागपूर)

दोन वेगळे प्रकार आहेत. जावातला क्यू हा क्लास नाही, इंटरफेस आहे, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात याचा नुसता करार. 2004 मध्ये जावा 5 बरोबर, जेनेरिक्सच्याच सोबतीने आला. इंटरफेसचा ऑब्जेक्ट होत नाही. डावीकडे `क्यू<इंटिजर>` ठेवा आणि उजवीकडे `न्यू अ‍ॅरेडेक<>()`. लिंक्डलिस्टही चालते, पण ती प्रत्येक वस्तूमागे एक वेगळा नोड बनवते. साध्या रांगेला आम्ही अ‍ॅरेडेकच सुचवू. फक्त त्यात नल घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण `पोल` रिकाम्या रांगेवर नल देतो. नल वस्तूही आत असू शकल्या तर "रांग संपली" आणि "नल मिळालं" हे वेगळं कसं ओळखणार?

मेथडच्या जोड्या पाठ करा. `अ‍ॅड`, `रिमूव्ह`, `एलिमेंट` जमलं नाही तर एक्सेप्शन फेकतात. `ऑफर`, `पोल`, `पीक` तेच काम करतात, पण ऑफर फॉल्स देतो आणि बाकीचे दोन नल. इथे सी शार्पवाल्यांची फसगत होते : सी शार्पचा पीक रिकाम्या रांगेवर एक्सेप्शन देतो, जावाचा देत नाही. सी शार्पमध्ये एक्सेप्शन नको असेल तर `ट्रायडीक्यू` आणि `ट्रायपीक` आहेत, मात्र डॉटनेट कोअर 2.0 पासून पुढे.

127 चं कोडं जेनेरिक्सच्या मर्यादेतून आलंय. जावात क्यू<इंट> करता येत नाही, इंटिजरच लागतो, म्हणजे इथेही बॉक्सिंग आलंच. उणे 128 ते 127 या आकड्यांचे इंटिजर जावा आधीच बनवून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते; म्हणून `==` खरं ठरतं. 128 पासून साधारणपणे दर वेळी नवा ऑब्जेक्ट येतो आणि `==` आकडे न बघता ऑब्जेक्ट एकच आहे का ते बघतं. `इक्वल्स` वापरा. छोट्या आकड्यांवर टेस्ट करणाऱ्याला हा बग कधीच सापडत नाही.

प्रश्न : एक थ्रेड टोकन देतो, तीन काउंटरचे तीन थ्रेड एकाच क्यू<टोकन>मधून घेतात. कधी एकच टोकन दोन काउंटरवर जातं, कधी काउंट शून्याहून मोठा आहे हे तपासूनही "क्यू एम्प्टी" एक्सेप्शन येतं. (वाचक, दुबई)

क्यू<टी> अनेक थ्रेडसाठी, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांसाठी, बनवलेलाच नाही. डीक्यूच्या आत हेडचं घर वाचणं, हेड पुढे नेणं, साइझ कमी करणं अशा तीन-चार क्रिया आहेत. दोन थ्रेडनी हेड सरकण्याआधीच तेच घर वाचलं की एक टोकन दोघांना मिळतं. एक्सेप्शनचं कारणही याच जातीचं : तपासलं तेव्हा एक टोकन होतं, काढायला जाईपर्यंत दुसऱ्या थ्रेडने ते नेलं.

2010 च्या डॉटनेट 4 पासून `कन्करंटक्यू<टी>` आहे. त्यात नुसतं डीक्यू दिलेलंच नाही, फक्त ट्रायडीक्यू. तपासणं आणि काढणं एकाच पावलात. पण तेवढ्याने तुमचं भागणार नाही. रांग रिकामी असताना काउंटरचे थ्रेड ट्रायडीक्यू, फॉल्स, पुन्हा ट्रायडीक्यू असे गरगरत राहतील आणि सीपीयू तापेल. मध्ये स्लीप टाकून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा `ब्लॉकिंगकलेक्शन<टोकन>(100)` घ्या. आत तो कन्करंटक्यूच वापरतो. रिकामा असला की `टेक` थ्रेडला थांबवून ठेवतो, 100 टोकन साचले की `अ‍ॅड` थांबतो. ही 100 ची मर्यादा सोडू नका. काउंटर मंद आणि टोकन देणारा जलद असेल तर मर्यादा नसलेली रांग मेमरी संपेपर्यंत वाढते, आणि तोवर सगळं छान चाललंय असंच वाटतं.

काउंटरच्या थ्रेडमध्ये `गेटकन्झ्युमिंगएन्युमरेबल` वर फॉरईच चालवा. दिवस संपला की टोकन देणाऱ्या थ्रेडने `कम्प्लीटअ‍ॅडिंग` बोलवायचं. उरलेली टोकन संपल्यावर तिन्ही लूप आपोआप बाहेर येतात. हा कॉल राहिला तर प्रोग्रॅम बंदच होत नाही. कोड असिंक-अवेटचा (थ्रेड न अडवता वाट पाहणारा) असेल तर ब्लॉकिंगकलेक्शन नको, तो थ्रेड अडवून धरतो. तिथे `चॅनल<टी>` आहे, `क्रिएटबाउंडेड` ने बनवलेला.

प्रश्न : ज्येष्ठ नागरिकांना आधी घ्यायचंय, आणि मध्येच कुणी टोकन रद्द केलं तर काढूनही टाकायचंय. क्यू<टी>ला रिमूव्ह नाही, इंडेक्सही नाही. लिस्ट<टी>च वापरू का? (वाचक, कोल्हापूर)

लिस्ट नको. `रिमूव्हअ‍ॅट(0)` म्हणजे मघाशी सांगितलेली सरकवासरकवीच. क्यूला इंडेक्स मुद्दाम दिलेला नाही. मधल्या घराला हात लावता आला की क्रमाची हमी जाते.

रद्द करण्यासाठी रांगेतून काढूच नका. टोकन क्लासमध्ये `रद्द` असा एक बूल ठेवा, रद्द झालं की ट्रू करा. पाळी येऊन डीक्यू झालं की रद्द असलेलं टोकन सोडून पुढचं घ्या. काउंट मात्र रद्द टोकनांसकट येईल, म्हणून फलकावर "पुढे किती जण" दाखवायचं असेल तर वेगळा आकडा सांभाळा. रद्द होणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं असेल तरच दुसरा विचार करा.

ज्येष्ठांसाठी डॉटनेट 6 पासून, म्हणजे 2021 पासून, `प्रायॉरिटीक्यू<टोकन, इंट>` आहे. प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितकी पाळी आधी; ज्येष्ठांना 0, इतरांना 1. इथे एक खाच आहे. सारखी प्रायॉरिटी असलेल्यांत आधी आलेला आधी बाहेर पडेल याची हमी हा क्यू देत नाही, कारण आत रांग नसून हीप आहे (मघाचा मेमरीतला हीप नव्हे, सगळ्यात लहान आकडा वर ठेवणारी झाडासारखी रचना). दहा-बारा जणांतच क्रम उलटसुलट झालेला दिसेल आणि काउंटरवर भांडणं होतील. प्रायॉरिटी म्हणून एका इंटऐवजी जोडी द्या : `प्रायॉरिटीक्यू<टोकन, (इंट गट, लाँग क्रम)>`. क्रम दर एन्क्यूला एकाने वाढवायचा. जोड्यांची तुलना आधी गटावर आणि गट सारखा असेल तर क्रमावर होते, त्यामुळे गटाच्या आत आलेला क्रम टिकतो.

पण ज्येष्ठ सतत येत राहिले तर बाकीच्यांची पाळी येणारच नाही. दवाखान्याच्या कामाला म्हणून आम्ही प्रायॉरिटीक्यूऐवजी दोन साधे क्यू<टोकन> ठेवायला सांगू : दोन ज्येष्ठांमागे एक इतर, आणि ज्याची पाळी आहे ती रांग रिकामी असेल तर दुसरीतून घ्यायचं. ट्रायडीक्यू वापरला तर हे सगळं सात-आठ ओळींत होतं.